डांफेच्या जंगलात नेलेलं खोकं

शारजातल्या आमच्या इमारतीत सुट्टीवर निघायच्या आधीचा शुक्रवार म्हणजे खोकं बांधायचा दिवस. आठवडाभर घरात सामान साठत गेलेलं असे. दुधाच्या पावडरीचे डबे, सरबताची पावडर, चॉकलेटं, बाम, अत्तराच्या बाटल्या, दोन ब्लँकेटं, कोणाच्या तरी मामांसाठी सेलवर चालणारा दाढीचा रेझर. मग सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी गोड बोलून एक दणकट खोकं मिळवायचं, बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणायचा आणि विमानाच्या वजनात बसेपर्यंत नवराबायकोंनी भांडायचं. आधी तुझ्या माहेरचं काढ, नाही, आधी तुझ्या काकांचं काढ. शेवटी सगळ्या बाजूंवर जाड मार्करने नाव-गाव लिहायचं आणि दोरी बांधायला दाजूला हाक मारायची. खोक्याशिवाय, रिकाम्या हाताने गल्फहून घरी गेलेला माणूस आमच्यात कोणी पाहिला नव्हता. तसं कोणी गेलं असतं तर गावात लोकांनी नोकरी सुटल्याचीच बातमी केली असती.

दाजू नेपाळचा. माझा नवरा नोकरीला होता तो कारखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये होता आणि तिथेच दाजू डिस्पॅचला होता. दिवसभर माल खोक्यांत भरायचा आणि बांधायचा, हेच त्याचं काम. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. तो वयाने आमच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणून सगळी इमारत त्याला दाजूच म्हणायची. समोरच्या इमारतीत पाचसहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा आणि रोज सकाळी माझ्या नवऱ्याबरोबर कंपनीच्या व्हॅनमधून शारजाच्या ट्रॅफिकला शिव्या घालत दुबईला जायचा.

माणूस मोठा तोऱ्याचा. तो दोरी बांधत असताना कोणी मध्ये बोट घातलेलं त्याला खपायचं नाही. मी एकदा हौसेने अर्धी दोरी स्वतःच बांधून ठेवली होती, तर म्हणाला, "भाभीजी, ये गाँठ नहीं है, ये तो बेबी की चोटी है." सगळी दोरी सोडून त्याने पहिल्यापासून बांधली. खोक्यावर पाय देऊन तो दोरी अशी आवळायचा की पुठ्ठा कुरकुरायचा, आणि शेवटी कोपऱ्यापाशी एक दुहेरी गाठ घालायचा. ती गाठ वाटेत कधी सुटत नसे, पण घरी गेल्यावर एक टोक ओढलं की सरळ मोकळी होई. मुंबईच्या कस्टमवाल्यांनीही त्या गाठीची तारीफ केल्याचं माझा नवरा सांगायचा. त्यातलं निम्मं सोडून द्यायला हरकत नाही.

दाजू स्वतः सुट्टीवर जायचा तेव्हा मात्र एक विचित्र प्रकार करायचा. इथून खोकं न्यायचा, पण पोखऱ्यात उतरल्यावर ते सोडायचा, प्रत्येक वस्तूचं वेष्टण काढून तिथेच टाकायचा आणि उघड्या वस्तू कापडाच्या पिशवीत भरून पुढे चालत गावाला जायचा. म्हणे, गावात कागद-प्लास्टिक चालत नाही. आम्हाला ती त्याची फेकाफेक वाटायची. चॉकलेटांचे चमचमते कागदच काढून टाकले तर मग त्यात गल्फचं उरलं काय, असं आमच्या शेजारणीने त्याला तोंडावर विचारलं होतं.

एक दिवस ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या व्हॅनमध्ये त्याने माझ्या नवऱ्याला सगळं नीट सांगितलं. त्याचं गाव पोखऱ्याच्या वर, दीड दिवसाच्या चालीवर. गावावरचं जंगल गावातल्या बायकाच राखतात. कुठलं झाड तोडायचं, गवत कधी कापायचं, शिकाऱ्याला कसं हुसकावायचं, सगळं त्या मिळून ठरवतात. त्यांनी जंगल राखलं म्हणून पक्षी परतले, आणि पक्षी परतले म्हणून ते बघायला पाहुणे येऊ लागले. पण पाहुणे ठेवायची परवानगी बायकांनी मोजक्याच घरांना दिलेली. ज्या घराला परवानगी, त्या घरावर लाकडी बोर्ड. दाजूच्या बायकोनेही एक खोली बांधून तयार ठेवली होती. मात्र नव्या घराचे पहिले पाहुणे येऊन गेल्यावर त्यांच्यामागे जंगलाची काही तक्रार राहिली नाही, तरच बोर्ड मिळायचा. आणि बोर्ड नसलेल्या घराकडे पाहुणा फिरकत नव्हता.

"बोर्ड लग गया तो मैं खलास, यहाँ से छुट्टी," दाजू म्हणाला होता. "हमेशा के लिए घर. साब, आप लोग जाओ ना."

त्याचं लग्न झालं त्याच वर्षी तो इकडे आला होता. त्याच्या दोन मुलांची बाळपणं त्याने फोटोंत पाहिली होती. हे ऐकून माझ्या नवऱ्याने जेवतानाच जाहीर केलं की मार्चअखेरच्या सुट्टीत आपण नेपाळला जायचं. मी शारजातल्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवायचे, त्यामुळे माझी आणि लेकीची सुट्टी एकच होती. प्रश्न होता सासूबाईंचा. सुट्टी म्हणजे घर, आणि घर सोडून सुट्टी म्हणजे उधळेपणा, हा आमच्याकडचा अलिखित कायदा.

"नेपाळला? तिथे आपलं कोण आहे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"पशुपतीनाथाला जाऊन येतो, आई," नवरा म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. अर्थात काठमांडूत उतरल्यावर आम्ही आधी दर्शन घेतलं, म्हणजे तसं ते खरंच ठरलं.

निघायच्या आधी दाजूने घरी येऊन बजावलं, "भाभीजी, कुछ मत ले जाना. सच में कुछ नहीं."

आता मराठी घरात वाढलेल्या बाईला 'काही नको' म्हणजे काय ते कोणी शिकवायला लागत नाही. पाहुणा नको म्हणतो तो संकोचाने, आणि आपण वाढत राहायचं असतं. मी स्वतः आयुष्यभर तीनदा नको म्हणून चौथ्यांदा ताट पुढे केलेलं आहे. तेव्हा दाजू नको म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी मी खोकं आणलं. बातमी इमारतीत पसरली. दाजूने बांधलेली खोकी प्रत्येकाच्या गावाला सुखरूप पोचली होती, मग त्याच्या घरी पाठवायला कोण मागे राहील? वरच्या मजल्यावरून बिस्किटं आली, शेजारून ज्यूसची पाकिटं आली, एकीने त्याच्या मुलीसाठी टिकल्या दिल्या. मी स्वतः सोनेरी कडेचे काचेचे कप घेतले, पाहुण्यांना चहा द्यायला. कप फुटू नयेत म्हणून नवऱ्याने कारखान्यातून थर्माकोलचे तुकडे आणले, शेंगदाण्यांएवढे, पांढरेशुभ्र, पिशवी भरभरून. ते सगळ्या फटींत ओतले. दाजूला सरप्राइज द्यायचं होतं, त्यामुळे दोरी मीच बांधली.

काठमांडूहून पोखऱ्याला आणि तिथून जीपने रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे पायऱ्या. दगडाच्या, कोणी कधी घातल्या माहीत नाही, पण आमच्या गुडघ्यांचा विचार करून घातलेल्या नव्हत्या. गावातला एक माणूस सामान न्यायला आला होता. त्याने पाठीवरच्या मोठ्या टोपलीत, डोक्यावरून पट्टा घेऊन, आमच्या बॅगा ठेवल्या आणि सगळ्यांत वर खोकं. खोक्याकडे त्याने दोनदा बघितलं, पण बोलला नाही. पाहुण्याला काय बोलणार! आमची लेक तेव्हा तिसरीत होती. तिचे बूट पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लागणारे. शारजातल्या सगळ्या पोरांकडे ते होते. पहिल्या दिवशी वाटेतली पोरं तिच्या बुटांमागे चालत होती आणि ती "मम्मा, दे आर सो स्वीट" म्हणत मुद्दाम पाय आपटत होती.

रात्र वाटेतल्या एका घरी काढून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीपाशी पोचलो. खिंडीच्या पलीकडे उतारावर गाव. मी आयुष्यात तसं जंगल पाहिलं नव्हतं. आमच्या घरासमोर कार पार्किंग, पार्किंगपलीकडे दुसरी इमारत आणि तिच्यापलीकडे वाळू. सुट्टीत कोकणात गेलो तर हिरवं दिसायचं, पण ते ओळखीचं हिरवं. इथे शेवाळाने मढलेली म्हातारी झाडं, आणि त्यांच्या मधून लालीगुरांस, म्हणजे तिकडचा लाल बुरांश, फुललेला. झाडंच्या झाडं लाल. खाली गळालेल्या फुलांचा सडा, आणि फांद्यांच्या वर, आकाशात जिथे ढग असायला हवेत तिथे, बर्फाचा डोंगर. नवरा टोपी काढून उभा राहिला. त्याला सवयच आहे, मोठं काही दिसलं की टोपी काढतो.

खिंडीत दाजूची बायको आम्हाला घ्यायला आली होती. दाजूची बायको म्हणून आम्ही तिला नेपाळी रीतीने भाउजू, म्हणजे वहिनी, म्हणणार, हे आधीच ठरलं होतं. ठेंगणी, काटक, हसली की डोळे मिटणारी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आइए, कितना दिन से रास्ता देख रही हूँ." मी म्हटलं, आधी हे बघा तुमच्यासाठी काय आणलंय, आणि टोपलीवरच्या खोक्याकडे हात केला. त्याच वेळी तो माणूस पायरीवर वळला आणि मी बांधलेल्या गाठीने, त्या 'बेबी की चोटी'ने, दगा दिला.

दोरी एका बाजूने सरकली, खोकं तोंडावर पडलं, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणि तिथून उताराला लागलं. कप फुटल्याचा आवाज आला. बिस्किटांचे पुडे घरंगळत गेले, ते एकवेळ चाललं असतं, पुडे काय उचलता येतात. पण खिंडीत वारा होता. थर्माकोल एकदम वर उठला आणि त्या लाल जंगलावर पसरला. फांद्यांत अडकला, फुलांत बसला, दरीकडे उडत गेला. लेकीला वाटलं बर्फच पडतोय. "स्नो!" म्हणून तिने टाळ्या वाजवल्या आणि मग आमचे चेहरे बघून हात खाली घेतले.

भाउजूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी पाहिलं. तिचा बोर्ड, दाजूचं घरी येणं, सगळं त्या वाऱ्यावर उडत होतं, आणि हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी रडायलाच लागले. नवरा "सॉरी, सॉरी" म्हणत नुसताच गोल फिरत होता. भाउजूने मात्र अंगावरची शाल काढली, तिची झोळी करून गळ्यात अडकवली, उताराच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि पहिला तुकडा उचलला. मग दुसरा. मग मान वर करून मला म्हणाली, "अँधेरा होने से पहले बहुत हो जाएगा. चलिए."

अंधार पडेपर्यंत आम्ही वेचलं आणि जंगल तसंच पांढरं राहिलं.

गावातल्या बायकांची मुख्य एक म्हातारी होती. सगळे तिला आमा, म्हणजे आई, म्हणायचे. त्या संध्याकाळी ती भाउजूच्या घरी आली. चुलीपाशी बसून तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता आमची खरडपट्टी निघणार. तिने आधी विचारलं, जेवलात का? मग म्हणाली, गावात सगळ्या पाहुण्यांनी एकाच वेळी, एकच जेवण जेवायचं असतं, म्हणजे लाकूड कमी लागतं, तर लौकर जेवा आणि झोपा. जाताना ती भाउजूला नेपाळीत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

पक्षी बघायला आलेले आम्ही, पुढचे दिवस कचरा वेचत राहिलो. सकाळी निघायचं, वर चढायचं, उतार वाटून घ्यायचा आणि पानं उलटत सरकत जायचं. लेकीचे दिवेवाले बूट जंगलात नकोत म्हणून भाउजूने तिच्या बुटांवरून स्वतःचे लोकरीचे जाड मोजे चढवले होते. पहिल्या दिवशी लेक कुरकुरली. "धिस इज सो बोरिंग." मग तिच्या लक्षात आलं की आपले डोळे सगळ्यांत तेज आहेत, आणि ती आम्हाला हुकूम सोडायला लागली. बाबा, देअर. मम्मा, अंडर द लीफ. गावातल्या बायकाही आपापली कामं उरकून तास-दोन तास येऊन जायच्या. कोणी हाक मारली नव्हती, कोणी टोमणा मारला नाही. मला त्या बायकांचं इतकं अप्रूप वाटलं! आमच्या इमारतीत जिन्यात कोणाचं केळ्याचं साल पडलं तर चार मजले भांडण चालायचं.

आणि गंमत अशी, की खाली मान घालून, न बोलता, तासन् तास एकाच उतारावर सरकत राहिल्यामुळे जंगल आम्हाला विसरलं. पक्षी बघायला येणारे लोक बोलतात, बोट दाखवतात, कॅमेरा काढतात. आम्हाला त्यातलं काही करायला वेळच नव्हता. काळतोंडी माकडं डोक्यावरून लालीगुरांसाची फुलं खात गेली, पाकळ्या आमच्यावर सांडत. एक भेकर पाणी प्यायला आलं आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेलं. एकदा मी एका सालीखाली बोट घातलं तर तिथे इवलासा सरडा झोपलेला होता. मी ती साल पुन्हा त्याच्यावर ठेवून दिली.

तिसऱ्या सकाळी लेकीने माझी ओढणी ओढली. मी वैतागून मान वळवली, तर समोर, आमच्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असेल तेवढ्या अंतरावर, डांफे उभा. डांफे हा नेपाळचा मानाचा पक्षी, हे दाजूकडून ऐकलं होतं. त्याच्याकडच्या कॅलेंडरवर चित्रही होतं. पण चित्रात रंग एका जागी असतात. इथे तो हलला की रंग बदलत होते. मानेवर तांबं चमकायचं, ते वळलं की हिरवं व्हायचं, पाठ निळी, निळ्याची जांभळी. डोक्यावर मोरासारखा तुरा. आणि इतकं राजासारखं रूप घेऊन तो करत काय होता, तर खाली मान घालून, चोचीने माती उकरत, पानं उडवत, आमच्यासारखाच सरकत उताराने येत होता.

भाउजू माझ्या शेजारी होती. तिने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला दिसलं. त्याने उडवलेल्या पानाखाली एक पांढरा तुकडा होता. आम्ही वेचायचा राहिलेला. डांफेने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. मग चोचीत उचलला.

माझा जीव टांगणीला लागला. उठावं तर तो तुकडा घेऊन उडणार, न उठावं तर गिळणार. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. सासूबाईंना सांगितलेला पशुपतीनाथ तेवढा आठवला. डांफेने चोच एकदा झटकली, दुसऱ्यांदा झटकली, आणि तुकडा टाकून दिला. त्याच्या कामाचा नव्हता. पुन्हा उकरत, रंग बदलत, तो झुडपाआड गेला. तो दिसेनासा झाल्यावर लेक पोटावर सरपटत पुढे गेली आणि तो तुकडा घेऊन आली. तिने तो झोळीत टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. घरी पोचेपर्यंत ती मूठ तिने उघडली नाही.

आमची सुट्टी संपत आली तेव्हा उतारावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आमा स्वतः काठी टेकत वर येऊन बघून गेली. नंतर अंगणात तिने भाउजूला आणि आम्हाला समोर बसवलं.

"आँख को नहीं दिखता," ती तुटक्या हिंदीत म्हणाली. "पर जंगल बड़ा है. पानी बोलेगा."

मग भाउजूने आम्हाला समजावलं. त्या सगळ्या उताराचं पाणी गावाच्या वरच्या झऱ्याला येतं. झऱ्याच्या तोंडाशी जाळी बसवलेली आहे. महिन्याभरात वळीव कोसळेल, गारा पडतील, उतार धुऊन निघेल. पांढरं काही उरलं असेल तर ते तरंगत जाळीवर येईल. जाळी स्वच्छ राहिली तर बोर्ड लागेल. मला आमाचा राग आला नाही. आम्हाला बरं वाटावं म्हणून तिने उगाच होकार दिला नाही, याचा मला आदरच वाटला.

आणि बाहेरून जे आलं ते बाहेर परत जातं, हा गावाचा नियम. फुटलेले कप, पुडे, ज्यूसची पाकिटं आणि मातीने मळलेला सगळा थर्माकोल पुन्हा त्याच खोक्यात भरला. खोकं कोपऱ्यातून फाटलं होतं. भाउजूने आतून काथ्यासारख्या खरखरीत दोरीचं भेंडोळं आणलं. जंगलातल्या खाजकुयलीसारख्या एका झाडाच्या सालीपासून तिने स्वतः वळलेली दोरी. खोक्यावर पाय दिला, दोरी आवळली, पुठ्ठा कुरकुरला, आणि कोपऱ्यापाशी तिने एक दुहेरी गाठ घातली. माझ्या नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं. सरपणाचा भारा बांधायची त्या गावची गाठ होती ती. इतकी वर्षं आमची खोकी तीच गाठ सांभाळत होती.

परत येताना काठमांडूच्या विमानतळावर एका कस्टमवाल्याने आत काय म्हणून विचारलं. नवरा म्हणाला, "कचरा." त्याने नवऱ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता इथेच राहावं लागणार.

आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी दाजू आला. मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचं लक्ष दारातल्या खोक्यावर गेलं. तो खाली बसला. दोरीवरून त्याने हात फिरवला, कोपऱ्यातल्या गाठीवर बोटं ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. मग सगळं ऐकल्यावर तो रागावला, खरंच रागावला. "मैंने बोला था ना, कुछ नहीं!" माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. मी चहा ठेवला. चहा घेऊन झाल्यावर दाजू म्हणाला, "अब खोलना मत. बोर्ड का फ़ैसला होने दो."

खोकं आमच्या बाल्कनीत राहिलं. शारजात एप्रिल तापला, एसीचा आवाज रात्रंदिवस सुरू झाला, आणि मी रोज भांडी घासताना खिडकीबाहेरच्या कोरड्या आकाशाकडे बघून दुसऱ्याच देशातल्या पावसाची वाट बघत राहिले. पेपरात हवामानाची बातमी कधी न वाचणारी मी काठमांडूचं तापमान शोधायला लागले. दाजू व्हॅनमध्ये आता ट्रॅफिकला शिव्याही घालत नाही, असं नवरा सांगायचा. लेकीने मुठीतला तो तुकडा टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. ती अधूनमधून विचारायची, "एनी न्यूज?"

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात दाजू. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. मला वाटलं, झालं. मी दारातच बसकण मारणार होते.

"बारिश हो गई, भाभीजी. ओले भी पड़े." तो दाराच्या चौकटीला टेकला. "जाली साफ़ है. कल बोर्ड लग गया."

नवऱ्याने त्याला मिठी मारली. मी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. दाजू सरळ बाल्कनीत गेला. त्याने गाठीचं एक टोक ओढलं आणि दोरी मोकळी झाली. खोकं उघडून बघायची त्याला गरज नव्हती. "ये थर्माकोल मैं ले जाता हूँ," तो म्हणाला. नोकरीतल्या शेवटच्या आठवड्यात त्याने ते सगळे तुकडे धुतले, वाळवले आणि कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या खोक्यात भरले. लेकीने तिच्याकडचा तुकडा मात्र दिला नाही.

तो कायमचा जाणार म्हणताच इमारतीत पुन्हा सामान गोळा व्हायला लागलं. कोणी पंखा, कोणी मिक्सर, कोणी ब्लँकेट. दाजू सगळ्यांना नको म्हणाला. शेजारीण आग्रह करायला लागली तेव्हा मी तिला हाताला धरून आत नेलं आणि म्हटलं, "तो नको म्हणतोय. म्हणजे नको." तिला ते पटलं नाही. गल्फमधून रिकाम्या हाताने कोणी घरी जातं का, असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

दुबई विमानतळावर त्याला पोचवायला आम्ही तिघं गेलो. काठमांडूच्या रांगेत ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॉलीवर निळ्या-हिरव्या दोऱ्यांनी आवळलेली खोकी, टीव्ही, गुंडाळलेली ब्लँकेटं. मध्ये दाजू, खांद्याला एक कापडी पिशवी लावून. पिशवीत एक जोडी कपडे, मुलांचे फोटो आणि भाउजूची ती दोरी, नीट भेंडोळं करून. दोरी गावची होती, ती गावाला परत जाणार होती.

"बाबा, इज दॅट ऑल?" लेकीने विचारलं.

"हो," नवरा म्हणाला. "तेवढंच."

काउंटरवरच्या माणसानेही बहुतेक तेच विचारलं असावं, कारण दाजू हसला आणि त्याने मान हलवली. आत जाण्याआधी तो वळला आणि दोन्ही हात वर करून आम्हाला तळवे दाखवले. रिकामे होते. घरी निघालेल्यांना निरोप द्यायला मी त्या विमानतळावर कितीदा गेले असेन, जड खोक्यांकडे बघून यांचं बरं चाललंय असं कितीदा मनात आलं असेल. पण कोणाचा खरा हेवा वाटला तो त्या दिवशी, पहिल्यांदाच. गाडीत बसल्यावर नवऱ्याने बराच वेळ किल्लीच फिरवली नाही, आणि मीही त्याला चल म्हटलं नाही.